रविवारच्या विज्ञानवर्गातून मुली का गळतात आणि घरच्यांना त्यात कसे घ्यावे

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला, घराच्या वरच्या मजल्यावर, सहावी ते आठवीच्या मुलींसाठी आपण दर रविवारी सकाळी प्रयोगांचा वर्ग सुरू केलात. पहिल्या रविवारी बावीस मुली आल्या आणि अडीच महिन्यांत सात उरल्या. ज्या येतात त्या रमतात, उशीर झाला तरी उठत नाहीत. पण घरून मात्र "अभ्यास सोडून हे कशाला" असा निरोप येतो. म्हणून आपण तीन गोष्टी विचारता: महागडे प्रयोगसंच विकत घ्यावेत का, पालकांसाठी एखादे व्याख्यान ठेवावे का, आणि गणपतीच्या सुमारास मुलींच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरवावे का. मी बेळगावातल्याच एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये एकोणतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि त्यातली शेवटची सोळा वर्षे शहापूर-वडगाव भागात मुलींचा असाच एक गट चालवला. त्या अनुभवावरून लिहिते आहे, त्यामुळे त्यातले काही आपल्या गल्लीला लागू पडेल, काही पडणार नाही.

आपल्या वर्णनावरून मला वाटते की मुलींना गोडी कशी लावावी हा आपला प्रश्नच नाही. ती लागलेली आहे. खरा प्रश्न असा आहे की रविवारच्या त्या दोन तासांवर मुलीचा स्वतःचा अधिकार किती, आणि त्या दोन तासांत काय घडले हे तिच्या घरात कोणाला कळते. ट्यूशनला गेलेली मुलगी वहीत सोडवलेली गणिते घेऊन परत येते आणि ती आईला दिसतात. आपल्या वर्गातून ती हात काळे करून आणि "खूप मजा आली" एवढे वाक्य घेऊन परत येते. आई-वडिलांच्या जागी मी असते, तरी तिसऱ्या रविवारी मीही तिला घरीच थांबवून घेतले असते. संच आणि व्याख्यान या दोन्हींनी यात फरक पडत नाही. संचामुळे वर्ग अधिक रंजक होतो, जो आधीच रंजक आहे. आणि व्याख्यानाला तेच पालक येतात ज्यांच्या मुली गळलेल्या नाहीत.

किती काय जमेल हे पुष्कळ गोष्टींवर अवलंबून आहे, हे आधीच सांगून ठेवते. एकत्र कुटुंबातल्या मुलीला आजी, काकू, चुलत भावंडे अशी माणसे घरात मिळतात, पण मोकळा कोपरा मिळत नाही; दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात नेमके उलटे असते. आई नोकरी करणारी असेल तर रविवारची सकाळ हीच तिच्या घरकामाची वेळ, आणि मग मोठ्या मुलीचे दोन तास म्हणजे आईचे दोन तास. वर्ग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे की रिक्षा करावी लागते, वर्ग घेणारे बाई आहेत की गृहस्थ, यावरही परवानगी ठरते. मुलगी वयात आली की महिन्यातले एक-दोन रविवार ती काही घरांतून बाहेरच पडत नाही. यांतली प्रत्येक गोष्ट आपण बदलू शकणार नाही, परंतु माहीत असलेली बरी.

म्हणून पहिले काम हजेरीपटाचे. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी वडगावच्या एका गल्लीतल्या पाच मुली मधूनमधून एकदमच गैरहजर राहायच्या, आणि मी मनाशी ठरवून टाकले होते की या मैत्रिणी आहेत, मिळून दांडी मारतात. दोन महिन्यांची हजेरी तारखांसकट मांडली तेव्हा लक्षात आले की त्यांच्या गल्लीत नळाला ज्या दिवशी पाणी येई तो दिवस रविवारवर आला की त्या येत नसत. पाणी भरणे हे त्यांचे काम होते; भावांचे नव्हते. मला स्वतःचीच लाज वाटली. मग त्या मुलींना मी घरचे काम म्हणून एक गोष्ट दिली: नळाखाली पंधरा लिटरची घागर ठेवायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते, पाणी आल्यापासून संपेपर्यंत, दर दहा मिनिटांनी लिहायचे. तळमजल्याच्या नळाला एकदा आणि जिन्यावरच्या नळाला एकदा. पाण्याचा दाब उंचीप्रमाणे कमी होतो हे पुस्तकात एका ओळीत संपते. इथे ते सेकंदांत दिसले. शिवाय पहिली वीस मिनिटे धार बारीक असते आणि नंतर वाढते हे त्यांना आकड्यांत कळले, तेव्हा एका आईने पाणी भरण्याचा क्रमच बदलला, आधी पिण्याचे हंडे आणि मग पिंप. त्या घरातून पुढे तीन वर्षे मुलगी कधी अडवली गेली नाही. पाण्याच्या दिवशी ती आली नाही तरी आम्ही तिला हजर धरत होतो, कारण ती प्रयोगच करत होती.

इथेच मला सांगायचे ते मुख्य सूत्र आहे: घरच्यांकडून परवानगी मागत बसण्यापेक्षा त्यांच्याकडून काम मागावे. परवानगी दिलेला माणूस ती कधीही काढून घेऊ शकतो. ज्याच्या माहितीशिवाय प्रयोग पुढे जात नाही तो मात्र पुढच्या रविवारी स्वतःच विचारतो, "मग काय झालं त्याचं?"

आपल्या शहरात हे विशेष सोपे आहे, कारण इथे घराघरांत हातांचे ज्ञान आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम करणारे वडील रोज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, आणि त्यांच्या मुलीला हे ठाऊक नसते. एका मुलीच्या वडिलांना मी निरोप पाठवला की एका रविवारी मायक्रोमीटर घेऊन या, आम्हाला केसाची जाडी मोजायची आहे, आणि मला ते यंत्र नीट धरता येत नाही. शेवटचा भाग खराच होता. ते संकोचत आले, दाराशीच उभे राहिले. पण मुली स्क्रू जोरात आवळत आहेत हे पाहिल्यावर त्यांना राहवेना. रॅचेट, म्हणजे टोकाची ती घसरणारी मूठ, कशासाठी असतो, टकटक आवाज आला की का थांबायचे, शून्य आधी का तपासायचे, हे त्यांनी अर्धा तास शिकवले, आणि ते मी पुस्तकावरून शिकवले असते त्याहून चांगले शिकवले. मुलींनी स्वतःचा, आईचा, आजीचा केस मोजला. आकडे ०.०५ पासून ०.०९ मिलिमीटरपर्यंत आले. आजीचे केस पातळ निघाले की नाही यावर वाद झाला आणि एका केसावरून ठरवता येत नाही, दहा मोजावे लागतात, हे मुलींनी स्वतःच सुचवले. त्या गृहस्थांची मुलगी पुढे वर्गात ज्या ऐटीने वावरू लागली ती कोणत्याही संचाने आली नसती.

विणकरांच्या घरांतही असेच. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत माग अजून आहेत. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्यावर जिथे भोक आहे तिथे धागा उचलला जातो आणि जिथे नाही तिथे उचलला जात नाही. संगणकातल्या शून्य आणि एकची ओळख करून द्यायला याहून चांगले साधन मला माहीत नाही. चौकटीच्या कागदावर मुलींनी आपल्या नावाचे अक्षर भोकांत मांडावे आणि ते मागावर उतरेल का, हे काठ विणणाऱ्या काकांना विचारावे. काका हसून दोन चुका दाखवतात, एवढे पुरे असते.

आजीकडे तर हळद आहे. हळद लागलेल्या कापडाला साबण लावला की डाग लाल होतो हे प्रत्येक घरातल्या बाईने पाहिलेले असते. हळदीचा रंग साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थात तांबूस होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. कागदाला हळदीचे पाणी लावून वाळवले की घरच्या घरी दर्शक कागद तयार. यातला माझा आवडता भाग असा की मुलींना आधी काहीच न सांगता "कुंकू पूर्वी घरी कसे करत" हे आजीला विचारायला पाठवायचे. हळदीला चुन्याची किंवा सवागीची (टाकणखाराची) जोड देऊन ती लाल करत, हे उत्तर घेऊन मुली परत येतात आणि मग कागद लाल का झाला ते त्यांना आमच्या आधीच कळलेले असते. "पोरीच्या जातीला ही उठाठेव कशाला" असे म्हणणाऱ्या एका आजींनी दुसऱ्या रविवारी नातीबरोबर चुन्याची डबी पाठवून दिली होती.

आता ज्या प्रयोगाने मला सर्वांत जास्त शिकवले त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. पाणी किती अंशांवर उकळते, हा सातवीच्या मुलीला पाठ असलेला आकडा. मी नऊ गट केले, प्रत्येकाला थर्मामीटर दिला आणि उकळत्या पाण्याचे तापमान लिहायला सांगितले. नऊच्या नऊ वह्यांत १०० अंश सेल्सिअस लिहून आले. वह्या गोळा करताना एका वहीत रबराने खोडल्याची खूण दिसली आणि उजेडात धरल्यावर खाली ९७.५ वाचता आले. त्या मुलीला विचारले तर म्हणाली, "टीचर, माझं चुकलं होतं, म्हणून नीट केलं." चुकले काहीच नव्हते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी आहे आणि पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळते. म्हणजे नऊ गटांच्या डोळ्यांनी खरा आकडा पाहिला होता आणि नऊ जणींनी तो पुस्तकासाठी सोडून दिला होता. मुलगेही असे करतात. पण शहाण्या, नीटनेटक्या, शाबासकीची सवय झालेल्या मुली ते फार सफाईने करतात, आणि आपण शिक्षक त्या सफाईला गुण देतो.

पुढचा रविवार आम्ही त्याच आकड्यावर घालवला. थर्मामीटरच खोटा असेल, अशी शंका एकीने काढली, आणि ती योग्यच होती. मग वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहिले. पाण्यात मीठ तर नाही, थर्मामीटर भांड्याच्या तळाला टेकला तर नाही, अशा एकेक वाटा बंद करत शेवटी उंचीवर आलो. आणि मग आया बोलू लागल्या. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, हे आयांना अनुभवाने ठाऊक असते. कोंडलेल्या वाफेच्या दाबाने आत पाणी १२० अंशांच्या जवळपास जाते म्हणून, हे मुलींनी त्यांना सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब पणजीला नातेवाइकांकडे गेले, तेव्हा मुलीने टॉवेलात गुंडाळून थर्मामीटर नेला. तिथल्या स्वयंपाकघरात वडिलांनी गॅस पेटवला, मावशीने पातेले ठेवले, आणि शंभराला अगदी टेकलेला आकडा घेऊन ती परत आली. त्या दिवशी वर्गात जो जल्लोष झाला तो मी विसरलेले नाही. दोन सूचना मात्र कटाक्षाने पाळा: पाऱ्याचा थर्मामीटर मुलींच्या हाती घरी देऊ नये, लाल द्रवाचा, ११० अंशांपर्यंतचा घ्यावा, आणि गॅस पेटवणे व उकळते भांडे उतरवणे हे मोठ्यांचेच काम ठेवावे. यात सुरक्षितता तर आहेच, शिवाय वडिलांना स्वयंपाकघरात उभे राहायला कारण मिळते.

भाषेबद्दल आपण विचारलेले नाही, पण सीमाभागात तो विषय टाळून चालत नाही. माझ्या गटात मराठी माध्यमाच्या मुली होत्या, कन्नड माध्यमाच्या होत्या आणि घरी उर्दू बोलणाऱ्याही होत्या. पूर्वी मी सगळे मराठीत बोलायचे आणि मागे बसलेल्या तिघी गप्प राहायच्या. नंतर भिंतीवर एक मोठा कागद लावला, ज्यावर दाब आणि ओत्तड, घनता आणि सांद्रते असे शब्द शेजारी शेजारी लिहिले जात, तिसऱ्या रकान्यात इंग्रजी शब्द देवनागरीत. तो कागद मी भरत नसे. ज्या मुलीला शब्द माहीत ती उठून लिहीत असे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेते तेव्हा सगळे एकदम इंग्रजीत येते आणि हुशार मुलीही पहिल्या सहामाहीत खचतात. कित्येक घरांत "विज्ञान तिला झेपणार नाही" हे मत तिथेच कायमचे ठरते, वास्तविक अडलेले असतात ते शब्द. सातवीपासून तिन्ही शब्द कानांवर असले तर हा फटका सौम्य होतो.

फक्त मुलींचाच गट ठेवला ते बरे केलेत. मी दोन वर्षे मिश्र गट चालवला. त्यात सोल्डरिंगची कांडी मुलग्यांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात, असे आपोआप होत असे. मी बदलून देई, आणि पाठ फिरवली की पुन्हा तसेच होई. पुढे मुलगे घ्यायचेच झाले तर दोघांत एक साधन आणि आज लिहिणाऱ्याने पुढच्या वेळी हात चालवायचा, एवढा नियम कडक ठेवा. चौघांचा गट केलात तर दोघे बघेच होतात.

नववीनंतर मुली कमी होणारच. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षी त्यांना ओढून धरू नका. महिन्यातून एकदा, मनात आले तर धाकट्या मुलींना एखादा प्रयोग दाखवायला या, एवढेच दार उघडे ठेवा. माझ्याकडे दहावी संपल्यावर परत आलेल्या मुलींची संख्या मला वाटले होते त्याहून जास्त निघाली.

आदर्श म्हणून थोर स्त्री-वैज्ञानिकांची चित्रे लावावीत का, असेही लोक मला विचारतात. लावा, परंतु गोष्ट पूर्ण सांगा. कमला सोहोनींना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून आधी नाकारले, त्यांनी हट्ट धरला तेव्हा अटी घालून प्रवेश दिला, आणि १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, हे सगळे सांगतात. त्यांचे वडील आणि काका हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्याच संस्थेत शिकलेले होते, हे सहसा सांगायचे राहून जाते. मुलींसमोर आणि विशेषतः त्यांच्या वडिलांसमोर मी ते मुद्दाम सांगते.

आता आपले उरलेले दोन प्रश्न. संचांसाठी ठेवलेल्या पैशांतून दहा थर्मामीटर, दोन स्वयंपाकघरातले डिजिटल काटे, काही भिंगे आणि एक चांगला मायक्रोमीटर घ्या, आणि आळीपाळीने ते घरी नेऊ द्या. एखादे फुटेल. माझे सोळा वर्षांत अकरा थर्मामीटर फुटले आणि ते पैसे मला कधी जड वाटले नाहीत. कपाटात कुलपात ठेवलेला संच फुटत नाही, पण तो मुलीच्या आईला कधी दिसतही नाही.

प्रदर्शनाबद्दल माझा अनुभव वाईट आहे. पहिल्याच वर्षी मी खायच्या सोड्याचे ज्वालामुखी आणि थर्माकोलची सूर्यमाला मांडली होती. पालकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आणि पुढच्या रविवारी निम्म्या मुली आल्या नाहीत, कारण सगळ्यांच्या मते काम संपले होते. त्याऐवजी असे करून पाहा. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलीला सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली द्या, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा, तळाच्या बाकदार भागात खडे आणि पाणी भरून सपाट रेघ आखा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. अशीच दुसरी बाटली तिने नात्यातल्या कोणालातरी द्यायची. आपल्या मुलींची मावशी खानापूरला असते, आत्या गोकाकला, मामा निपाणीला, चुलत आजोबा चंदगडला. रोज सकाळी आठ वाजता फोन करून आकडा घ्यायचा आणि तक्त्यावर लिहायचा. पंधरा दिवसांत दिसू लागते की सह्याद्रीच्या कुशीतल्या खानापूरला धो धो पडतो तेव्हा बेळगावात त्याहून कमी आणि पूर्वेकडे गोकाकला तर एखादी सर. पर्जन्यछाया हा शब्द मग मी शिकवत नाही, त्या विचारतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे सांगितले की त्या स्वतःच्या गच्चीचा हिशेब मांडतात. साठ मिलिमीटरच्या एका दिवसात पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर तीन हजार लिटर पाणी पडून गटारात गेले, हे वाक्य घरच्या जेवणाच्या वेळी मुलीच्या तोंडून आले म्हणजे पुढे काय बोलणे होते ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

गणपती येईपर्यंत आपल्याकडे अडीच-तीन महिन्यांचे आकडे असतील. तो तक्ता आपल्या गल्लीच्या मंडळाला विचारून मांडवाच्या कडेला लावा, शेजारी भरलेली एक बाटली ठेवा आणि पाळीपाळीने दोन मुली तिथे उभ्या करा. आम्ही लावला त्या वर्षी खानापूरच्या एका मामांचे जुलैतले चार दिवसांचे आकडे रिकामे होते. ते दर्शनाला आले, तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि भाचीला म्हणाले की त्या चार दिवसांत लाईट नव्हती, फोन बंद पडला होता, पण आकडे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत. घरी जाऊन कळवतो.